पिनेचे पैसे

मेस्त्रींनी ब्रेकच्या पिनेच्या डोक्यातल्या भोकावर करंगळीचं नख टेकवलं आणि फिरवलं. नख कुठेही न अडता फिरलं. पाच नंबरच्या ॲलन कीसाठी तिथं षट्कोनी भोक असतं. त्याच्या सहा कोपऱ्यांपैकी एकही शिल्लक नव्हता. भोक वाटोळं झालं होतं, आणि त्याचं वाटोळं करणारा मी समोरच उभा होतो.

“घरी प्रयत्न केलात वाटतं.”

“हो.”

“कॅलिपर आधी उतरवलात, आणि मग पिन फिरवायला गेलात.”

हा प्रश्न नव्हता. तरी मी मान हलवली.

रत्नागिरीत मिऱ्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून ही पत्र्याची शेड आहे. मेस्त्री साठीकडे झुकलेले, हाताखाली एक पोरगा. शेडमधून समुद्र दिसत नाही, पण ऐकू येतो. आणि पत्र्याला पडलेल्या भोकांकडे पाहिलं की तो काय करतो तेही कळतं. गणपती होऊन गेले होते, पाऊस ओसरला होता, आणि शेडबाहेर दुचाक्यांची रांग लागली होती. माझी दीडशे सीसीची गाडी त्या रांगेत चौथी.

मेस्त्रींनी पहिलं काम केलं ते माझ्या हिशेबाने उलटंच होतं. मी घाम गाळून उतरवलेला कॅलिपर त्यांनी परत पुढच्या फोर्कला लावला आणि दोन्ही बोल्ट आवळले. जाम पिन फिरवायची तर कॅलिपर घट्ट धरून ठेवणारं काहीतरी हवं. मांडीवर घेतलेला कॅलिपर किल्लीबरोबर हलतो, किल्ली तिरकी होते आणि कोपरे सोलले जातात. तोच गाडीवर असला की अख्खी गाडी शेगड्याचं काम करते. म्हणून पिन आधी गाडीवरच अर्धा आटा सैल करून ठेवायची आणि कॅलिपर नंतर उतरवायचा. एवढं एक वाक्य मला आदल्या रविवारी कुणी सांगितलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

प्रकरणाची सुरुवात आंबा घाटात झाली होती. कोल्हापूरहून उतरताना गाडी उताराला असूनही जड वाटत होती, पुढचं चाक कुणी मागून धरून ठेवल्यासारखं. घाट संपता संपता लिव्हर मऊ पडली. एरवी दोन बोटांनी लागणारा ब्रेक मुठीने दाबावा लागला. साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा जळक्या वासाने टपरीवाल्यानेच मान वळवली. बोटावरचे पाण्याचे दोन थेंब डिस्कवर टाकले, तर तव्यावर पडल्यासारखे चर्र झाले. ब्रेक मी लावत होतो त्यापेक्षा बराच जास्त लागत होता. मी लिव्हर सोडली तरी पॅड डिस्क सोडत नव्हतं.

घरी येऊन पॅड पाहिले. बाहेरच्या पॅडवर निम्मा थर शिल्लक, आणि आतलं पॅड लोखंडापर्यंत गेलेलं. जोडीने बसवलेले, एकाच दिवशी घेतलेले पॅड असे वेगवेगळे झिजले की दोष पॅडचा नसतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी नवी जोडी आणली आणि रविवारी सकाळी पाने काढून बसलो.

माझ्या गाडीसारख्या गाड्यांचा कॅलिपर तरंगता असतो. पिस्टन फक्त आतल्या बाजूला. लिव्हर दाबली की पिस्टन आतलं पॅड डिस्कवर रेटतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर उलट बाजूला सरकून बाहेरचं पॅड ओढून घेतो. हे सरकणं होतं दोन गुळगुळीत सरक-पिनांवर, ज्यांच्या तोंडाशी धूळ-पाणी अडवणारे रबरी बूट असतात. पॅड ज्या पिनेवर ओवलेले असतात ती वेगळी. माझी वाटोळी झालेली ती हीच. आता सरक-पिना धरल्या तर काय होईल पाहा. पिस्टन बिचारा आपलं काम करतोच, पण कॅलिपर सरकत नाही. सगळा भार आतल्या पॅडवर. एक पॅड उपाशी, दुसरं झिजून संपलेलं.

लिव्हर सोडल्यावर पिस्टन मागे कसा येतो, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तिथं स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती एक चौकोनी छेदाचं रबरी सील असतं. पिस्टन पुढे जाताना ते त्याच्याबरोबर किंचित पिळतं, दाब गेला की पूर्वपदावर येतं आणि येताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. लाखाच्या गाडीचा ब्रेक सुटतो तो या एवढ्याशा रबराच्या पिळावर. पिस्टनच्या उघड्या भागावर गंजाचा एक फोड आला की त्या पिळाचं काही चालत नाही.

बरं, हे सगळं धरतं कशाने? कॅलिपर ॲल्युमिनियमचा, पिन पोलादाची. दोन वेगळे धातू अंगाला अंग लावून बसलेले, आणि मध्ये मिठाचं पाणी. हा चक्क विजेचा सेल झाला. त्यात ॲल्युमिनियम खर्ची पडतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत साचते. पोलाद आपल्या परीने गंजतं; आणि गंज मूळच्या लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो. जागा तर तेवढीच. म्हणून तो भोवतालच्या धातूला आतून रेटून धरतो. जाम झालेली पिन म्हणजे अडकलेली पिन नव्हे, ती पाचर मारलेली पिन असते. पाचर मारलेल्या वस्तूला नुसतं पिळून काढायला गेलं की कमजोर असेल ते तुटतं, आणि कमजोर सहसा डोकंच असतं. (हे वाक्य पिनेबद्दल आहे.)

रत्नागिरीसारख्या गावात मीठ मिळवायला कष्ट पडत नाहीत. तरी मेस्त्रींच्या रांगेतल्या गाड्यांच्या तऱ्हा वेगळ्या होत्या. एक मिरकरवाड्याच्या मासेवाल्याची: मागे क्रेट बांधलेला, त्यातून वितळत्या बर्फाचं खारं पाणी दिवसभर मागच्या चाकावर ठिबकतं. तिच्या मागच्या ब्रेकवर पांढरी-तांबडी खपली धरली होती, जुन्या होडीच्या खिळ्यांवर धरते तशी. दुसरी आरे-वारेच्या वाळूत फिरवलेली. कुणा पाहुण्याने फोटोसाठी लाटेत उभी केली होती म्हणे. सरक-पिनेच्या बुटातून पोराने चिमूटभर वाळू काढून दाखवली. आणि तीन-चार गाड्या चाकरमान्यांच्या. मुंबईत राहणाऱ्या मुलाने गावच्या पडवीत ताडपत्रीखाली ठेवलेली गाडी मे महिन्यात शेवटची चालते, ती एकदम चवथीच्या आदल्या दिवशी बाहेर येते. अख्खा पाऊस ती एका जागी उभी. रोज चालणाऱ्या गाडीचा पिस्टन निदान थोडा हलत तरी असतो. उभ्या गाडीचा पिस्टन जिथे असतो तिथेच रुजतो. “चालती गाडी झिजते, उभी गाडी कुजते,” मेस्त्री म्हणाले. हे त्यांनी माझ्याआधी पन्नास गिऱ्हाइकांना ऐकवलं असणार, पण होतं खरं.

डिस्क ब्रेक ही तशी जुनी गोष्ट. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने त्याचं पेटंट १९०२ मध्ये घेतलं. दुचाकीवर कारखान्यातून तयार होऊन तो आला १९६२ मध्ये, इटलीच्या लँब्रेटा टीव्ही १७५ स्कूटरवर, आणि तोही तारेने ओढायचा. द्रवाच्या दाबाने चालणारी पुढची डिस्क मोटरसायकलवर सर्रास झाली ती १९६९ च्या होंडा सीबी ७५० नंतर. आपल्याकडे १९९९ मध्ये हिरो होंडाची सीबीझी आली, तेव्हा तिच्या पुढच्या डिस्ककडे पोरं शोरूमच्या काचेतून बघत उभी राहायची. त्यांतला एक मी. पुढे १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि सगळ्यांना एप्रिल २०१९ पासून, आणि त्यांना पुढे डिस्क आलीच. ड्रमवाल्यांनी मात्र हसू नये. ड्रमचा कॅमही आपल्या भोकात असाच धरतो. फक्त तो झाकणाआड असतो म्हणून कळायला उशीर होतो.

पिनेवर मेस्त्रींनी पहिल्या दिवशी जोर लावलाच नाही. डिस्कवर प्लास्टिकची पिशवी बांधली, कारण डिस्कवर तेल उडालं तर नव्या पॅडचं मातेरं. पिनेच्या दोन्ही टोकांना एका जुन्या सलाईनच्या सुईने थेंब-थेंब तेल सोडलं. तेल त्यांचं घरचं: पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल आणि थिनर. मी डब्ल्यूडी-४० आणलं होतं, ते त्यांनी नाकारलं नाही पण बाजूला ठेवलं. ते मुळात पाणी हटवण्यासाठी बनलं. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीने ॲटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून ते केलं, आणि चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नाव तसं. गंजात शिरणं हे त्याचं जोडकाम.

मग त्यांनी शेजारच्या टपरीवरून उकळतं पाणी मागवलं. चहासाठी नव्हे, कॅलिपरसाठी. मी घरी गॅसची बत्ती वापरायचा विचार केला होता, तो बोलून दाखवला. त्यावर पोरगाच म्हणाला, “आतली रबरं जळतील ना, काका.” काका हे नवीन होतं, पण ते असो. उकळत्या पाण्याने रबराला काही होत नाही. आणि ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे तापवल्यावर भोक पिनेपेक्षा जास्त मोठं होतं. किती? घरी येऊन आकडेमोड केली. दहा मिलिमीटरचं भोक तीस अंशांवरून शंभरावर नेलं, तर दोघांतली फट वाढते मिलिमीटरच्या हजार भागांपैकी आठ भागांनी. केसाच्या जाडीच्या साधारण नवव्या हिश्श्याइतकी. एवढ्याने पिन सुटत नाही, पण तेल आत शिरायला तेवढं पुरतं. पाणी ओतलं, तेल सोडलं, थंड होऊ दिलं. संध्याकाळपर्यंत तीनदा. मधल्या वेळात त्यांनी दोन पंक्चर आणि एक क्लच केबल उरकली.

दुसरी एक गोष्ट त्यांनी मला बजावून सांगितली. ब्रेक क्लीनरचा स्प्रे मारून लगेच त्या जागी आग धरायची नाही. त्यांना एकदा वाफ लागली होती, दोन दिवस छाती धरली होती. काही क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावण असतं, ते तापलं की फॉस्जिन तयार होऊ शकतो, पहिल्या महायुद्धात खंदकांवर सोडलेला वायू. मेस्त्रींना नाव ठाऊक नव्हतं, पण त्याची ओळख माझ्यापेक्षा त्यांना जास्त होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा पोरगा कॅलिपर उतरवून सरक-पिना उपसत होता. पहिली आली ती चिकटत, कुरकुरत. दुसरी येईना. बाहेर आली तेव्हा तिचा रबरी बूट भिजलेल्या साबुदाण्यासारखा फुगलेला, मऊ, पिनेला गच्च बिलगलेला होता.

“इथं ग्रीस कुणी लावलं?”

आता सांगणं भाग होतं. गेल्या वर्षी मीच. बेअरिंगचं पिवळं ग्रीस, घरात होतं ते, चांगलं बोटभर.

या एका चुकीवर थोडं थांबतो, कारण ती मी एकट्याने केलेली नाही. रांगेतल्या आणखी दोन गाड्यांत तेच निघालं. साधं ग्रीस खनिज तेलाचं असतं. ब्रेकमधली रबरं बहुतेक अशा जातीची असतात, ज्यांना ब्रेकचा द्रव चालतो पण खनिज तेल चालत नाही. ते त्यात मुरलं की फुगतात. सीलही त्याच जातीचं. आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो तिथंच घोळ सुरू होतो. ते तेल नव्हेच. ग्लायकॉलच्या कुळातला द्रव आहे तो, पाण्यात मिसळतो आणि हवेतली ओल शोषतो. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असं कोरलेलं असतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच हमी १५५ वर येते. घाटात माझी लिव्हर मऊ पडली ती म्हणून. ब्रेक तापत गेला, त्यात तीन वर्षांचा जुना द्रव उकळला, आणि वाफ दबते पण दाब पुढे पोचवत नाही. नावातलं ‘ऑइल’ ऐकून माणूस समजतो, तेल म्हणजे तेल, ग्रीस म्हणजे ग्रीस. सरक-पिनांना सिलिकॉनचं ग्रीस लागतं. पांढुरकं, छोट्या ट्यूबमध्ये येतं, हरभऱ्याएवढं पुरतं. मेस्त्रींनी ते कपाटाच्या वरच्या फळीवर, पोराच्या हाताला सहज लागणार नाही असं ठेवलं होतं. महाग आहे, आणि पोरगा, ते म्हणाले, “लोण्यासारखं लावतो.”

पिस्टन काढायला त्यांनी हवेचा पंप घेतला नाही. हवेने पिस्टन गोळीसारखा सुटतो. मध्ये बोट असलं तर गेलं. त्याऐवजी लिव्हर हळूहळू दाबायची. ज्या दाबाने गाडी थांबते त्याच दाबाने धरलेला पिस्टन बाहेर येतो. हिशेब करून पाहा: बोटांनी दहा किलो जोर लावला, लिव्हरने तो सहापट केला, मास्टर सिलेंडरचा दट्ट्या साडेबारा मिलिमीटरच्या आसपासचा, आणि कॅलिपरचा पिस्टन सत्तावीसचा. म्हणजे पिस्टनच्या पाठीवर पावणेतीनशे किलोच्या आसपास भार येतो. अडचण एवढीच की माझ्या कॅलिपरातल्या दोन पिस्टनांपैकी मोकळा असेल तो आधी पळतो आणि धरलेला बसून राहतो. म्हणून मोकळ्याला लाकडाची चीप लावून दाबून धरलं. तेव्हा कुठे दुसऱ्याने टुक् असा आवाज करून अंग सोडलं. त्याच्या कडेला तांबूस वर्तुळ होतं. टूथब्रश, साबणाचं कोमट पाणी आणि वर थोडा ताजा ब्रेकचा द्रव. पोराला हवेने फुंकर मारायची सवय, ती मेस्त्रींनी हात धरून थांबवली. जुन्या पॅडच्या धुळीत काय असेल सांगता येत नाही, आणि ॲस्बेस्टॉसचे पॅड वापरात असतानाचे दिवस त्यांनी पाहिलेत.

सगळं साफ करून झाल्यावर कॅलिपर परत गाडीवर चढला आणि पिनेची पाळी आली. मेस्त्रींनी तिच्या डोक्यावर हातोडीने सरळ सात-आठ ठोके दिले. जोराने नव्हे, देवळातल्या घंटेला हलकेच टोला द्यावा तसे. पाचर हलते ती धक्क्याने, पिळाने नाही. मग वाटोळ्या भोकात किंचित मोठा सहा पाकळ्यांचा टॉर्क्स बिट ठोकून बसवला; तो मऊ धातूत स्वतःचे कोपरे कोरत गेला. त्यावर टॉमी लावली आणि आधी घट्ट करायच्या दिशेने फिरवली. मी काही बोलणार तेवढ्यात कट् असा आवाज आला. गंजाची साखळी तुटली ती उलट्या बाजूने. मग सुलट अर्धा आटा, परत पाव आटा उलट, तेलाचा थेंब, परत अर्धा. पुढे-मागे करत पिन बाहेर यायला वीस मिनिटं लागली. आट्यांमधून पांढरी भुकटी सांडत होती, रांगोळी सांडावी तशी.

हे जमलं नसतं तर? डोक्यावर नट वेल्ड करायचा, त्याची उष्णताही कामाला येते. तेही नाही जमलं तर ड्रिल. अडकलेला स्क्रू काढायचा इझी-आउट हा प्रकार मेस्त्रींच्या शेडमध्ये चालत नाही. तो कडक पोलादाचा असतो, आत मोडला की त्याला ड्रिलही लागत नाही. मग मिरजोळ्याच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडे जा. पोराने मागच्या महिन्यात एका ब्लीड निपलमध्ये तो मोडला होता. पोकळ निपल, आठ नंबरचा फिक्स पाना आणि घाई, तिन्ही एकत्र आले की एवढं होतंच.

नवी पिन, नवे बूट, नवे पॅड. द्रव पूर्ण बदलला. टाकीच्या झाकणाचे दोन स्टार स्क्रू मी घरी अर्धे सोललेलेच होते. त्यांनाही आधी ठोका, मग फिरव. पिस्टन मागे रेटताना टाकी तुडुंब होते, म्हणून खाली ओलं फडकं. तो द्रव रंगावर सांडला तर रंगाचे पापुद्रे निघतात. शेवटी जमिनीवरच उभं राहून लिव्हर दहा-बारा वेळा मारली, ती घट्ट लागेपर्यंत. हे विसरून रस्त्यावर गेलेली माणसं मेस्त्रींनी पाहिली आहेत. पहिल्या चौकात लिव्हर मुठीपर्यंत येते आणि ब्रेक लागत नाही.

चाक उचलून फिरवलं. ते फिरत राहिलं. आवाज नाही.

बिलाच्या वहीत त्यांनी लिहिलं: पॅड १ जोड, पिन १, बूट २, ग्रीस, ब्रेक ऑइल. आणि खाली मजुरी, दीडशे.

“दीडशे?”

“पॅड बदलायचे दीडशेच घेतो.”

दीड दिवस कॅलिपर त्यांच्याकडे होता. मी म्हटलं, पिन काढायचे वेगळे लावा. ते हसले. गिऱ्हाईक पॅडचे पैसे देतं, कारण पॅड दिसतात. जुने हातात देता येतात. पिन सोडवण्यात तास गेले हे बिलावर लिहिलं की माणूस म्हणतो, मेस्त्रीला येत नाही म्हणून वेळ लागला. म्हणूनच बहुतेक ठिकाणी काय होतं, तेही त्यांनी सांगितलं. पिन जेमतेम काढतात, नवे पॅड सरकवतात, पिस्टन स्क्रूड्रायव्हरने मागे दाबतात, सरक-पिनांना हातही लावत नाहीत. पंधरा मिनिटांत गाडी बाहेर. आतलं पॅड चार महिन्यांत परत संपतं. गिऱ्हाईक म्हणतं, पॅड डुप्लिकेट होते. मीही साखरप्याच्या टपरीवर बसून हेच म्हटलं होतं, ते आठवलं.

बऱ्याच घासाघिशीनंतर, म्हणजे मी वाढवायची आणि त्यांनी कमी करायची, त्यांनी दीडशे खोडून चारशे केले आणि समोर कंसात ‘इतर’ असं लिहिलं. जुनी वाटोळी पिन पोराने एका खोबरेल तेलाच्या डब्यात टाकली. डबा अशा पिनांनी निम्मा भरला होता. त्यांचे छोटे पंच होतात म्हणे, खंडेनवमीला त्याच डब्याला एक झेंडूचं फूलही मिळतं.

गाडी सुरू केली तेव्हा मेस्त्री रस्त्यापर्यंत आले.

“पहिले दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका, पॅड बसू देत. आणि शिमग्यात पालखी देवळात गेली की या. पॅड काढायचे नाहीत. फक्त पिना बाहेर घ्यायच्या, पुसायच्या, परत घालायच्या. पावसाच्या आधी.”

“त्याचे किती घ्याल?”

“त्याचे काय घ्यायचे,” म्हणत ते मासेवाल्याच्या गाडीकडे वळले. तिचा मागचा कॅलिपर त्या गाडीच्या मालकाने येतानाच उतरवून पिशवीत आणला होता.